पिटुकलीला किती घोडे पुरतील

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (दुखतोय हे गृहीत धरूनच विचारतोय. जिने चढू नकोस. लिफ्टवाल्याच्या सख्ख्या बहिणीने जिने चढून गुडघे घालवावेत यात आमच्या धंद्याची बेअब्रू आहे.) ती. भावोजींना नमस्कार सांग, पण कानातलं यंत्र लावलेलं असेल तेव्हाच सांग, नाहीतर तू ओरडून सांगणार आणि शेजारी समजणार की माझ्यावरून तुमचं भांडण जुंपलंय. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे काहीच ठीक नाही. गेला आठवडा मी नीट झोपलेलो नाही, जेवताना हातातला घास हातातच राहतो, आणि परवा तर तिसऱ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट सोडवायला गेलो आणि पाचव्यावर जाऊन उभा राहिलो. आत अडकलेले लोक काय बोलले ते तुला लिहीत नाही.

कारण तुझी भाची. पिटुकली. (नाव तूच ठेवलंस. आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे आणि म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) गुरांच्या डॉक्टरची नोकरी लागल्याचं तुला कळलंच आहे. दवाखाना घाटापलीकडे आहे हे मात्र मी मुद्दाम कळवलं नव्हतं, कारण लिहिलं की खरं होतं असं मला वाटतं. तिकडे एकच बस जाते, तीही मनात आलं तर. शिवाय गुरं काही दवाखान्यात येत नाहीत, डॉक्टरनेच गोठ्यात जायचं असतं, आणि गोठे सगळे डोंगरउतारावर. तेव्हा तिला मोटरसायकल हवी. इथपर्यंत माझी ना नाही. मी स्वतः तिला आमच्या जुन्या गाडीवर शिकवलंय. पण बाईसाहेबांनी शोरूममध्ये जाऊन जी पसंत केली आहे, तिचं इंजिन साडेतीनशेचं आहे, ताकद वीस अश्वशक्ती, आणि टाकीचा घेर असा की मला आधी वाटलं गाडीवर दुसरी गाडी ठेवली आहे. येत्या आठवड्यात ती पक्की करणार आहे. तू मला सांग, एका मुलीला वीस घोडे कशाला? पूर्वी ज्याच्या दारात एक घोडा असायचा तो सरदार म्हणवून घ्यायचा. आमची मोठ्या इमारतीतली लिफ्ट आठ माणसं (त्यात वकील आणि त्यांची बाडंही आली) सातव्या मजल्यापर्यंत नेते, दिवसभर नेते, आणि तिची मोटर सात-आठ घोड्यांची आहे. तेवढेच घोडे आमच्या जुन्या गाडीत आहेत. त्यांनी माझा संसार वाहिला, गहू वाहिले, एकदा तुला स्टेशनवरून ट्रंकेसकट आणलं. मग आता जास्तीचे बारा कोणाला वाहायला हवेत?

हे मी शोरूममधल्या पोराला विचारलं. पोरगा नम्र आहे, गळ्यात टाय आहे, आणि माझ्यासारख्या बापांची त्याला सवय असावी, कारण तो आधी खुर्ची देतो आणि मग बोलतो. तो म्हणाला, काका, ताकद वापरायची नसते, हाताशी असावी लागते. मी म्हटलं, तसं असेल तर आग विझवायचा बंबच घेतो, तोही वापरायचा नसतो. यावर त्याने पाणी मागवलं. मग म्हणाला की समोरून ट्रक आला, पुढच्या बैलगाडीला मागे टाकायचंय, अशा वेळी मुठीत जोर नसेल तर माणूस मधल्या मध्ये लटकतो. ताई, 'मधल्या मध्ये लटकतो' हे शब्द लिफ्टवाल्यासमोर काढू नयेत. म्हणजे छोटं इंजिन घेतलं तर पोर लटकणार, मोठं घेतलं तर उडणार. मी घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं, तर तिने शिवणयंत्र न थांबवता विचारलं की या दोन्हींच्या मधे मुली नुसत्या गाडी चालवून घरी येतात, असं काही घडत नाही का. तिला काळजी नसतेच. आमच्या घरात काळजीचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

तेव्हा मी ठरवलं की वाद नको, चाचणी घ्यावी. घोडामैदान लांब नव्हतंच. शोरूमवाले गाडीचा जोर दाखवायला गिऱ्हाइकाला पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर पाठवतात, गावात तेवढा एकच चढ असा आहे की ज्यावर सायकलवाले खाली उतरून देवाचं नाव घेतात. त्या चढावर आपली जुनी गाडी पिटुकलीचं ओझं घेऊन चढली, की विषय संपला. आता ओझं किती? मुलीला वजन विचारायची माझी छाती नाही. म्हणून मी तिला डबा घेऊन कामावर बोलावलं, एकटीला लिफ्टमध्ये चढवलं, आणि वरच्या यंत्रखोलीत जाऊन आकडा पाहिला. (डब्याचं वजन वजा केलं. मी अन्याय करत नाही.) त्यात औषधांची पेटी धरली, गमबूट, रेनकोट, आणि आई देईल ते डबे. हे शेवटचं सगळ्यांत जड. मग आमच्या धंद्याचा नियम, की जेवढं न्यायचं असेल त्याच्या सव्वापट लादून बघायचं. सव्वापटीवर जे टिकतं ते माणसांना द्यायचं. चाचणीसाठी आमच्याकडे लोखंडी वजनं असतात, कड्या असलेली, वीस-वीस किलोची. हिशेबाने पाच लागत होती. सुटीच्या दिवशी ती गाडीवर चढवली, दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि एक मागच्या सीटवर मधोमध, दोरीने आवळली आणि वर तिचाच रेनकोट पांघरला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की कोणीतरी बुटकं माणूस मान खाली घालून बसलंय.

सपाटीवर गाडी नेक चालली. हँडल जरा हलकं लागत होतं, म्हणजे पुढचं चाक जमिनीवर आहे की नाही याबद्दल त्याचंच एकमत नव्हतं, पण चालली. चढाला लागलो आणि दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर आलो. पहिल्याच्या खाली गिअर नसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं. अर्ध्या चढावर इंजिनाने एक उचकी दिली आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं. ताई, लिफ्टचा दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही. तिला चिमट्यासारखी एक कळ असते, ती रुळांना घट्ट धरते. हे मी लोकांना इतकी वर्षं सांगत आलोय. मोटरसायकलला अशी कळ नसते. कळ म्हणजे आपणच. मी दोन्ही ब्रेक आवळून, दोन्ही तंगड्या फाकून उभा राहिलो, आणि तरीही गाडी वीतभर मागे आली, थांबली, पुन्हा वीतभर आली. मागे पाण्याचा टँकर येऊन उभा होता. त्याने हॉर्न वाजवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून अगदी शांतपणे म्हणाला, "काका, एक तर वर जा, नाहीतर खाली या. आणि मागे बसलेल्यांना उतरायला सांगा की."

मी काय सांगणार? ब्रेक सोडला तर टँकरवर जातो, आणि हात सोडल्याशिवाय वजनं सुटत नाहीत. त्या वेळी मला माझी भीती वाटत नव्हती, हे मी तुला शपथेवर सांगतो. मला सारखं दिसत होतं की हाच चढ आहे, हाच टँकर आहे, आणि इथे ती उभी आहे, आणि मी तिसऱ्या मजल्यावर कोणाची तरी लिफ्ट सोडवतोय.

तेवढ्यात वरून मोठ्या गाडीचा आवाज आला. पिटुकली. मागे टायवाला. सुटीच्या दिवशी चढ दाखवायला ते तिथेच येणार हे मला कळायला हवं होतं, मीच तर तो चढ तेवढ्यासाठी निवडला होता. तिने गाडी कडेला लावली, धावत आली, माझ्या मागच्या चाकाला दगड लावला आणि मला धरून खाली उतरवलं. मग रेनकोट उचलला. "बाबा, ही काय आहेत?"

मी म्हटलं, "ही तू आहेस."

तिने बोटाने वजनं मोजली. म्हणाली, "मी एवढी जड आहे?" मी म्हटलं, "नाही, सव्वापट." मग ती हसायला लागली ती रस्त्यातच बसली. टँकरवालाही हसला. टायवाल्याने मात्र न हसता दोन वजनं उचलून टँकरच्या केबिनमध्ये नेली आणि तिसऱ्याला त्याच्या कमरेतून आवाज आला. (तुझा गुडघ्याचा तेल-मसाज त्याला कळव म्हणतो.) जुनी गाडी कडेला लावून मला तिने स्वतःच्या मागे बसवून वर नेलं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा टाकी आली होती. गाडी कण्हली नाही, कुंथली नाही, मी बसलोय हे तिला कळलंही नसावं. माझ्यासारख्या बऱ्यापैकी देहाच्या माणसाला याचं जरा वाईटच वाटतं.

तरीही माझं म्हणणं कायम आहे. चढायला आठ घोडे लागले, दहा लागले, ठीक. उरलेले दहा उतारावर काय करतील? म्हणून हे पत्र. पिटुकलीसाठी आत्या म्हणेल ती पूर्व दिशा. तू हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून जन्म काढलास. मोठ्या गाडीवरून पडून आलेल्यांचं एखादं चांगलं, सविस्तर वर्णन तिला लिहून पाठव. प्लॅस्टर, वजनं टांगलेले पाय, काही हातचं राखू नकोस. तिने गाडी पक्की करायच्या आत पोचलं पाहिजे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. (शुद्धलेखन बघते असं म्हणते.) वाचून झाल्यावर तिने विचारलं, "वजनं म्हणजे पिटुकली. मग तिच्या पुढ्यात गाडी चालवत होतात ते कोण?" ताई, लिफ्टच्या चाचणीत माणूस आत नसतो गं. वजनं आत असतात आणि आपण बाहेर. इतक्या वर्षांच्या सवयीने मी मला मोजलंच नव्हतं. म्हणजे जुन्या गाडीवर त्या दिवशी पिटुकली सव्वापट होती आणि वर अख्खा मी होतो. मी नसतो तर गाडी आरामात चढली असती. माझा सिद्धांत बरोबर निघाला. मी लगेच स्वयंपाकघरात जाऊन पोरीला हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, कागदावर करून पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, बाबा. मग आपली जुनीच नेते, नवी कशाला?" एवढ्या चटकन ती माझं कधीच ऐकत नाही. मी जिंकलो होतो. मी दुसरा चहासुद्धा मागितला.

दुसरा ता. क. चहा पिताना ती सहज म्हणाली की जुनीवर घाट ओलांडायला इंजिन मधे-मधे गार करावं लागेल, अख्खा दिवस जाईल, तेव्हा शनिवारी निघून रविवारी परत जाणं काही जमायचं नाही. दिवाणखान्यातलं शिवणयंत्र थांबलं होतं. ती म्हणाली, मोठ्या सुट्या लागल्या की येईन. मी विचारलं, आणि त्या मोठ्या गाडीवर? ती म्हणाली, त्या गाडीवर संध्याकाळी निघाले तर जेवायला घरी. पण तुमचा हिशेब बरोबर आहे, बाबा, गरज काही नाही.

ताई, वॉर्डाचं वर्णन लिहू नकोस. लिहिलं असशील तर फाड. मला तिची फार आठवण येणार आहे, आत्ताच येते, ती पलीकडच्या खोलीत आहे तरी येते. माझा हिशेब चुकला होता असं मी आता कोणत्या तोंडाने सांगू? तू लिही. आत्या म्हणून लिही की डोंगरात जुनी गाडी अजिबात न्यायची नाही, वीस घोडे हवेतच. आणि भावोजींना विचार (यंत्र लावल्यावर), वीसपेक्षा मोठं काही मिळतं का.

तिसरा ता. क. आणि तिला बजावून सांग, गाडी हळू चालवायची.