ओल्या रंगातला अंगठा

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा खोकला गेला का? नसेल, तर जुन्या चित्रांची धूळ खाणं चार दिवस बंद कर. तुझ्या संग्रहालयातली चित्रं तीनशे वर्षं मळत थांबली, आणखी आठवडाभर थांबतील.

चित्रशाळेत मी युरोपच्या चित्रकलेवर प्रदर्शन लावते आहे. एका भिंतीवर सतराव्या शतकातली बरोक पद्धत, म्हणजे गडद अंधार आणि त्यातून उजळलेला एखादा चेहरा. समोरच्या भिंतीवर दोनशे वर्षांनंतरचे इम्प्रेशनिस्ट, म्हणजे उघड्यावरचं ऊन आणि सावलीतसुद्धा जांभळा रंग. अस्सल चित्रं आपल्याला कोण देणार, म्हणून छापील प्रती लावणार. पण मधोमध आपल्या दोघींची हवीत. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाबांनी रविवारी बसून तुला पहिल्या पद्धतीत रंगवलं आणि मला दुसऱ्या, हे मुलांना दाखवायचंय. माझं चित्र तयार आहे. तुझं वीस तारखेपर्यंत पाठव.

लोभ आहे तेवढा राहू दे, चित्र मात्र येऊ दे.

तुझी धाकटी

९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला बरा आहे. चित्र मिळणार नाही.

ती दोन चित्रं शेजारी टांगली की काय होतं, ते मला ठाऊक आहे. बैठकीच्या खोलीत पंधरा वर्षं टांगलेलीच होती. येणारा-जाणारा तुझ्या उन्हाकडे बघून वा म्हणायचा आणि माझ्याकडे वळला की दिवा लावू का विचारायचा. काका तर म्हणाले होते, मोठीला अंधारात बसवलंत ते बरं केलंत, रूप झाकलं गेलं. आणि बाबा हसले. मी अकरा वर्षांची होते. तो अंधार हीच बरोकची ताकद, असं मी लोकांना रोज समजावते. पण साठीला टेकले तरी तुझं चित्र आठवलं की माझ्या पोटात दुखतं. लपवत नाही.

माझ्या चित्रात एकच गोष्ट माझी म्हणावी अशी आहे. खाली उजव्या कोपऱ्यात बाबांच्या बोटाचा ठसा आहे. बाजूने दिवा धरला तरच दिसतो. रंग ओला असताना टेकलं असणार. तुझ्या चित्रात तसा नाही, मी तपासलंय. तो मला चारचौघांत टांगायचा नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी ताई

१४ जानेवारी

ताई,
नमस्कार, विनंती सगळं समजून घे, मी चिडले आहे.

माझ्या उन्हाचा हेवा करतेस? माझं चित्र बाबांनी एका दुपारीत संपवलं. जेवून बसले आणि चहाच्या वेळेला ब्रश धुतलेसुद्धा. ती पद्धतच तशी, ऊन सरकायच्या आत ओल्यावर ओला रंग. तुझ्यासाठी आधी तपकिरी थर, तो वाळायला आठवडा. मग त्यावर काचेसारखा पातळ थर, पुन्हा आठवडा. अख्खा हिवाळा दर रविवारी तू त्यांच्यासमोर, आणि मी वळवळते म्हणून दाराबाहेर. आतून तुमचं हसणं ऐकू यायचं. तुला बाबांचा हिवाळा मिळाला, मला एक दुपार. हा फरक वर्गात शिकवताना दर वर्षी मला ते बंद दार आठवतं.

आता उरलेलं सांगते. तो ठसा बाबांचा नाही, माझा आहे. तुम्ही दोघं हात धुवायला गेलात तेव्हा मी आत शिरले आणि ओल्या रंगात अंगठा दाबला. चित्र बिघडावं म्हणूनच. सहा वर्षांची होते, पण कळत होतं मला. इतकी वर्षं सांगायचा धीर झाला नाही.

चित्र राहू दे तुझ्याकडे. माया मात्र पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी

१८ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र वाचून कामावरचं भिंग घरी आणलं. ठसा इवलासा आहे. परक्याच्या चित्रावर असता, तर लहान पोराचा आहे हे मी पाहताक्षणी सांगितलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं तपासली आणि घरच्या चित्रात मला हवं होतं तेच पाहिलं.

आणखी एक. ठशावर बाबांचे चार थर आहेत. खरवडून सपाट करायला त्यांना मिनिटही लागलं नसतं. नाही केलं. चार रविवार त्याच्यावरून हलक्या हाताने ब्रश फिरवत राहिले. मी समोरच बसलेली असायचे, आणि त्या कोपऱ्याशी आले की ते कशाला हसतात, हे मला कळायचं नाही. त्यांना हसताना बघून मीही हसायचे. तेच तू बाहेरून ऐकत होतीस.

दोन दिवस मी तुझ्यावर जळले. एवढ्या अंधारात एक कोपरा माझा एकटीचा होता, तोही तुझा निघाला.

परवा चित्र घेऊन मीच येते. दिवा बाजूने लाव, म्हणजे तो कोपरा दिसेल. आणि खालच्या पाटीवर ‘मोठी मुलगी’ असं लिहू नकोस. ‘दोन्ही मुली’ असं लिही.

बाकी भेटीत भांडू. तोवर लोभ धरून ठेव.

तुझी ताई