तिसऱ्या कपाआधी उठायचं नाही

थोरले बंधू देमेके दादा यांना धाकट्या अल्गानेशचा वाकून नमस्कार. वहिनी, मुलं, वहिनीची खोकणारी आई सगळे बरे ना? इकडे आम्ही, गाय, कोंबड्या देवाच्या कृपेने ठीक. तुझ्या पायाची विचारपूस करत नाही, कारण अदिस अबाबात तुला पायच नाहीत, नुसते बूट आहेत. (वहिनीला तरी ठाऊक आहे ना?)

माझा पाय मात्र भोपळ्याएवढा झालाय. मागे राजधानीतून अभ्यास करणारे आले होते. फितीने पाय मापला, फोटो काढला आणि म्हणाले, बाई, याला दुर्लक्षित आजार म्हणतात. त्यानंतर फिरकलेच नाहीत. नावाला जागली माणसं! लाल मातीत अनवाणी राबून हा होतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एवढं सांगून गेले, पण माझ्या कानात. गावाच्या कानात कोण सांगणार? गाव अजून शापच म्हणतं.

तर परवा माझ्या लेकीला, मेस्केरेमला, मागणी घालायला मुलाकडचे म्हातारे आले. (पोरगा आपल्या पोरीच्या मनात आहे, म्हणून मी गोड बोलत होते.) पाय झग्याखाली कोंबून कॉफी केली. पहिला कप झाला, दुसरा झाला, आणि शेगडीतला निखारा उडाला झग्यावर. झटकायला उठले तर पाय बाहेर! मुलाचे काका तिलाहुन तडक निघाले. मी दारात आडवी. म्हटलं, "तिलाहुनभाऊ, तिसरा कप आशीर्वादाचा. तो टाकून गेलात तर पोराला आशीर्वाद काय बाजारातून आणणार?" बसले बिचारे! पण पाय जमिनीला टेकवेनात. सगळे म्हातारे कोंबड्यांसारखे स्टुलावर पाय आखडून कॉफी फुंकत होते. जाताना काका म्हणाले, "हे रक्तातलं असेल. शहरातल्या भावाला बोलाव. त्याचे पाय बघू, मग होकार देऊ."

म्हणून ये. बूट मात्र काढू नकोस. शहरात अशीच रीत आहे म्हणून सांग, पुढचं मी बघते.

तुझी, पाय जड झालेली,
अल्गानेश

ता. क. मेस्केरेमने पत्र वाचलं. म्हणते, "मामाचे बूट बघून हो म्हणणार असतील, तर बुटाशीच लावा म्हणावं लग्न." (जीभ माझ्यावर गेलीय. काल रडत होती, तरी हेच म्हणते.) तेव्हा वरचं विसर. दारात बूट काढ आणि माझ्या शेजारी, त्यांच्या पुढ्यात बस. कॉफी मीच करणार. तिसऱ्या कपाआधी कोण उठतो बघू.

आणखी एक. लग्नात घालायला मलाही बूट आण. माप काय कळवू? तुझंच ते माझं. दुकानात सगळ्यांसमोर तुझ्याच पायात घालून बघ.