बासरीतला श्वास

रविवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

दमलोय. पिंपळगावच्या हळदीत पुन्हा तेच. फोन तापला आणि नवं सिंथ अ‍ॅप कडव्याच्या मधोमध बंद पडलं. माझ्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही, सगळा फोनमधूनच येतो. पट्ट्या दाबत बसलो. ढोलकीवालाही गोंधळून थांबला. आमच्या गायिका शोभाताई मात्र एकट्याच पुढे गात राहिल्या.

परतताना गाडीत म्हणाल्या, "अरे, जुनंच अ‍ॅप लाव ना. पत्र्यासारखं वाजतं, पण वाजतं तरी. पुढच्या हळदीला दिंडोरीत असं झालं तर मी तुझ्याऐवजी पेटीवाल्याला सांगणारे."

बरोबरच आहे त्यांचं. जुनं कधी दगा देत नाही. पण त्यातली बासरी म्हणजे दारावरची बेल. नव्यात सुराआधी फुंकेचा श्वास येतो. मांडवातल्या गलक्यात तो श्वास ऐकतं कोण? मी एकटा. मग हा हट्ट कुणासाठी?

आणि एक राहिलंच. अ‍ॅप गेल्यावर क्षणभर सगळा मांडव गप्प होता. पुढची ओळ घ्यायच्या आधी ताईंनी श्वास घेतला, तो माईकमधून स्पष्ट आला. इतकी वर्षं शेजारी बसतो, कधी ऐकला नव्हता. मीच वाजवत असायचो ना त्यावर.

दिंडोरीला जुनंच लावतो. आणि ताई श्वास घेतील तिथे हात उचलतो.