सरकलेला लाल रंग

तंजावूर, आयुधपूजा, १९९४

प्रिय प्रद्युम्नदादा,

सहा महावीरांच्या चमूचं ते जुनं कॉमिक तू परत मागितलंस. अशा चुकलेल्या प्रती आता संग्राहक शोधतात म्हणे. तेव्हा मात्र "लाल रंग सरकलाय, रद्दी आहे, तूच घे," म्हणून माझ्याकडे फेकलं होतंस.

रंग का सरकतो हे शोधताना मी छपाई शिकले. आज आमच्या छापखान्यात नव्या चाररंगी यंत्राची पूजा झाली. यंत्र ज्याच्या हाती, पहिलं चंदन त्यानं लावायचं. फोरमन वैद्यनाथ म्हणाले, "अम्मा, चंदन तुम्हीच लावा."

मी चंदन लावलं. शेजारी कॉमिकही पूजेला ठेवलं.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला एका शब्दाची तार करीन: नाही.

वसुमती