पाण्याचा मुद्दा

३ मार्च
नगरपरिषदेची सभा. विषय एकच. गावाबाहेरच्या माळाचा रस्ता सिमेंटचा करायचा की बाजाररस्ता? दोन्हींना पैसा पुरत नाही. लातूरची बांधकाम कंपनी म्हणते, आधी माळाला रस्ता द्या, मग आम्ही दवाखाना, दुकानं, फ्लॅट बांधू. अध्यक्ष म्हणाले, "उद्या आपला जिल्हा झाला, तर कलेक्टर काय बैलगाडीत येणार हाय?" सगळे हसले. मीही.

बाजाररस्त्यावर आमचं पुस्तकांचं दुकान. माळावर दिराची जमीन. नवा रस्ता तिच्या बांधाला लागून.

मतदान पुढच्या सभेत.

५ मार्च
वाटण्या आठवत राहिल्या. आमच्या घरात रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. ह्यांनी दोन वाटे केले. एक दुकान, एक माळ. दिराचा डोळा दुकानावर होता. रेखानं, माझ्या जावेनं, त्याच्या बाहीला नुसता हात लावला. त्यानं माळ उचलला.

मी ह्यांना म्हणाले होते, "दगडं उचलली."

नंतर कित्येक वर्षं रेखाबद्दल वाईट वाटून घेतलं. ते सोपं होतं.

८ मार्च
महिला दिनाचा कार्यक्रम. मी नगरसेविका, म्हणून भाषण माझं. रेखा मागे बसली होती. अध्यक्षांच्या बायकोनं तिला पुढं बोलावून शेजारी खुर्ची दिली. "या, मालकीणबाई." रेखा पदर सावरत लाजली. साडी तीच, मी दिवाळीला दिलेली.

काय बोलले ते आठवत नाही. ती खुर्ची आठवते.

११ मार्च
टँकर आठ दिवसांनी आला. घागरींची रांग दुकानाच्या पायरीपर्यंत. गिऱ्हाईक नाही. खड्ड्यांमुळे रिक्षावालेही इकडे यायला कुरकुरतात.

न.प.च्या इंजिनिअरांना सहज विचारलं, सिमेंटच्या रस्त्याला पाणी किती लागतं? म्हणाले, "मॅडम, लई पितो. वर मातीची आळी करून पाणी भरून ठेवावं लागतं. सुकू द्यायचं न्हाई."

घरी येताना पाय हलके. कितीतरी दिवसांनी.

१५ मार्च
सभा. बोलले. माणसाला प्यायला पाणी नाही आणि आपण रस्त्याला पाजणार का? पाऊस पडेपर्यंत विषय बाजूला ठेवावा. खाली बसले. मग विरोधी बाकावरच्या देशमुखांनी बाक वाजवला. "दिराच्या दारातून रस्ता चाललाय आन् बाई स्वतः नको म्हणूलाल्यात! याला म्हणतात मन."

टाळ्या. मतदान पुढं ढकललं.

मी मान खाली घातली. त्यालाही विनय म्हणाले.

१६ मार्च
ह्यांनी विचारलं, "पाण्याचं खरंच वाटतं तुला?"
"खोटं आहे का?"
"खोटं कोण म्हणतंय."
पेपर उघडून बसले. एकच पान बराच वेळ.

मुद्दा बरोबर आहे. तो मला सापडला तेव्हा आनंद झाला, हे वेगळं.

१९ मार्च
बातमी: कंपनी थांबणार नाही. नांदेडकडे जागा बघून आली. दोन दिवसांत ठराव झाला नाही तर तिकडेच. तातडीची सभा २१ला. अध्यक्षांचा फोन. मतं समसमान आहेत, माझं एकटीचं मत राहिलं. "बाई, तुमच्या हातावर हाय गाव."

दीर भेटला, बोलला नाही. रेखा नाही भेटली. बरं वाटलं.

२० मार्च
दुपारी रेखा दुकानात आली. डोक्यावर एक, कमरेवर एक घागर. त्यांच्या बोअरला अजून थोडं आहे. चालत आणलं, माळावरून.

"अक्का, तुमी बरोबर बोललाव. हे रागावल्यात, पन मी म्हनलं, पाणी आधी."

मग इतकी वर्षं गिळलेलं एकदम विचारलं. वाटणीच्या दिवशी तुला माहीत होतं का? की माळाकडं गाव वाढणार?

हसली. "मला काय म्हाईत असनार? तुमी दुकानातल्या कपाटाला हात लावून हुबे व्हताव. वाटलं, आपन दुकान उचललं तर अक्का मरतील."

घागरी माठात रिकाम्या केल्या. जाताना बाहेर मांडलेल्या पुस्तकांवरची धूळ पदरानं झटकली.

म्हणजे दुकानही तिनंच दिलेलं. तिला माळाचं आधी माहीत असतं तर किती बरं झालं असतं.

हे विचारत होते, पाणी कुठून आलं? सांगितलं नाही. तहान लागली होती, तरी माठाकडे गेले नाही. मग गेले.

२१ मार्च
सकाळ. अकराला सभा. रेखाला दिली तिच्या जोडीची साडी काढली. परत घडी करून ठेवली. दुसरी नेसले.

हात वर केला तर रस्ता तिच्या दारात. नाही केला तर लोक पुन्हा टाळ्या वाजवतील, तीही वाजवील.

माठात पाणी आहे. काल रस्त्यावर टँकर आला नाही.

पाण्याचा मुद्दा अजूनही बरोबर आहे.