पुसलेला चमचा

शनिवार, संध्याकाळचे सात

हात तीनदा धुतले, तरी वास जात नाहीये. की माझ्या नाकातच बसलाय?

हॉटेलच्या किचनमध्ये शिकाऊ म्हणून लागून दोन महिने झाले. माझं अक्षर चांगलं, म्हणून डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या मीच लिहिते. खाली सहीपण माझीच. आज फ्रीजमधल्या मखनी ग्रेव्हीवर सोमवारची चिठ्ठी होती. शेफ म्हणाले, "ती काढ, आजची लाव. उद्या साखरपुड्याची ऑर्डर आहे, नवीन करायला वेळ नाय."

"शेफ, आंबूस वास येतोय."

"उकळली की काय नाय होत. लय घाबरते तू."

ते हसले. मीही हसले. का हसले मी? आणि चिठ्ठी लावली. तारीख आजची, सही माझी.

शेफच्या खिशात कायम एक चमचा असतो. चाखल्याशिवाय डब्याला झाकण लावायचं नाही, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं. साधं वरणसुद्धा ते चाखतात. आज त्यांनी चमचा काढला, ग्रेव्ही ढवळली, फडक्याला पुसला आणि खिशात ठेवून दिला. तोंडाला लावलाच नाही.

मघाशी नांदगावहून आईचा फोन आला. "आज काय शिकवलं गं?" चिठ्ठ्या लावायला, म्हटलं. तिला कौतुकच वाटलं.

आत्ता शेफचा मेसेज आलाय. "उद्या मी येत नाही. ग्रेव्ही तूच काढ. चमचा तुझ्या लॉकरवर ठेवलाय, आधी चाखून घे."