शीतल वळली नाही

शनिवार, २२ जून

शीतलनं गोळ्या बंद केल्यात असं वाटतंय. विचारलं तर "घेते की गं," म्हणाली, पण माझ्याकडं न बघता. पुढं विचारायची हिंमत झाली नाही.

मार्चमध्ये ती स्वयंपाकघरात पडली ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. या फ्लॅटवर आम्ही दोघीच राहतो, त्यामुळं पाहिलं ते फक्त मी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फिटच आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत, गाडी चालवायची नाही, पाण्यात तर अजिबात जायचं नाही. रिक्षातच तिनं माझा हात धरला. "सुजाता, कुणाला बोलायचं नाही. इमरानला पण नाही. गंगापूरला कळलं ना, तर आई उद्याच्या उद्या घेऊन जाईल. कॉलेजातली नोकरी गेली, सगळं गेलं." मी शब्द दिला.

तरी ती त्यानंतरही रविवारी इमरानबरोबर नाथसागराच्या पाण्यावर गेलीच. मी काठावर जीव मुठीत धरून.

रविवार, ३० जून

नाथसागर. वारा बेताचा.

इमराननं आज मला विंडसर्फिंग परत पहिल्यापासून शिकवलं. बोर्डवर गुडघे वाकवून उभं राहा, दोरीनं शीड पाण्यातून वर ओढ, बूम, म्हणजे शिडाचा आडवा दांडा, हातात घे, मग मागं रेल. "डर मत, वारा उचलून धरतो तुला." धरत नाही. तीनदा पडले. गोव्याच्या किनाऱ्यावर तीन वर्षं लोकांना शिकवून आलाय म्हणून याचा धीर सुटत नाही. आता इथं एसी दुरुस्त करतो, आणि रविवारी व्हॅनच्या टपावर दोन जुने बोर्ड बांधून आम्हाला घेऊन येतो. दोनच बोर्ड, त्यातला एक त्याचा, म्हणून आम्हा दोघींतल्या एकीनं काठावर बसायचं.

शीतल मात्र सुसाट. निळं शीड घेऊन गेली की लांबून माणूस दिसत नाही, नुसतं शीड पळतं. इमरान म्हणाला, "इस लडकी को वारा समझता है." खरंय. शिकायला लागलो आम्ही एकत्रच.

येताना व्हॅनमध्ये तिला हाक मारली. ऐकलं नाही. परत मारली. खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम वळून, "काय गं?"

विचारात असेल. माणूस विचारात असतो.

शनिवार, ६ जुलै

दिवसभर वारा. कंपनीत शेडचे पत्रे वाजत होते, वाळूजहून येताना स्कूटी एका बाजूला ढकलली जात होती. इमरानचा फोन, "कल मजा है! सकाळी लवकर निघू."

मी शीतलला म्हटलं, उद्या नको जाऊ या.

"तू नको जाऊ. मी जाते."

"गोळ्या घेतेस का खरं सांग."

"त्या गोळ्यांनी वर्गात उभ्या उभ्या झोप येते मला. पोरं हसतात. तुला काय सांगू?" मग जरा वेळानं, "तू माझी आई होऊ नको, सुजाता."

म्हणजे नाही घेत.

इमरानला सांगू का? शब्द दिलाय. पण मग

रविवार, ७ जुलै

आत्ता हॉस्पिटलातून आले. पायाला चिखल तसाच. लिहून काढते, नाहीतर उद्या डोक्यात सगळं उलटंपालटं होईल.

सकाळी पोचलो तर पाणी ओळखू येईना. एरवी ताटासारखं पडलेलं असतं, आज पार पलीकडपर्यंत पांढरे फेसाळ पट्टे. मासेमारीच्या होड्या सगळ्या वर ओढून ठेवलेल्या. माणूस नाही काठावर.

इमरान म्हणाला, लहान शीड लावू, काठाजवळच राहायचं, लाइफ जाकीट सगळ्यांनी घट्ट. पहिली मी गेले. का गेले? मी बोर्ड अडवून ठेवला तर ती जाणार नाही, असं काहीतरी मनात होतं. शीड वर ओढलं आणि वाऱ्यानं हातातून हिसकावलंच. पाण्यात फेकली गेले, वर आले तर शीड डोक्यावर. खाली अंधार, नाकात पाणी. कशीतरी बाजूला झाले. काठावर आले तेव्हा जाकिटाचा ओला बंद मला सुटेना. शीतलनं सोडला. "आता माझा नंबर," म्हणाली. हसत होती. इतकी खूश तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

आणि गेली.

काठाजवळ राहिली नाही. निळं शीड लांब, आणखी लांब. इमरान आधी ओरडून शाबासकी देत होता, मग डोळ्यांवर हात धरून बघायला लागला. "जास्तच आत गेली यार."

माझ्या तोंडून निघून गेलं, "इमरान, तिला फिट येते. मार्चमध्ये आली होती. गोळ्या घेत नाही ती."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "आत्ता सांगतेस?" एवढंच. धावत जाऊन दुसरा बोर्ड पाण्यात ढकलला. त्याचं पिवळं शीड निघालं.

मी काठावर. निळं आणि पिवळं. ती परत फिरलेली दिसली, काठाकडं येत होती, छान सरळ येत होती. तो तिच्याकडं. वाटलं, आता ती वळेल, दोघं बरोबर येतील. जवळ आले. आणखी जवळ. दोन्ही शिडं एक झाली. मग एकही दिसेना.

किती वेळ ते माहीत नाही. मी ओरडत होते, वाऱ्यात मला माझाच आवाज येत नव्हता. मग लाटेवर बोर्ड दिसला, त्यावर आडवा इमरान, आणि मागं पाण्यात डोकं. शीतल बोर्ड ढकलत पोहत होती. शीड तिनं सोडूनच दिलं होतं. वाऱ्यानं त्यांना खालच्या अंगाला नेलं, मी काठाकाठानं पळाले, काळ्या चिखलात गुडघ्यापर्यंत जात. कमरेएवढ्या पाण्यात गेले तेव्हा ती हाताला लागली. तिचे ओठ निळे. इमरानचा डावा खांदा खाली लोंबलेला.

"सीधी आई मेरे ऊपर," तो म्हणत होता. "मैंने चिल्लाया, वो मुडीच नै." मग लगेच, "नै नै, माझीच चूक. मी बाजूला व्हायला पायजे होतं."

व्हॅन मी चालवली. मागं शीतल त्याला धरून बसली होती. बिडकीनच्या पुढं आल्यावर तिनं विचारलं, "तू असा मागं का आलास?"

आरशात तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तू सांगितलंस."

"हो."



सोमवार, ८ जुलै

कॉलरबोन मोडलंय. ऑपरेशन नाही, पण हात बांधून ठेवायचा, शिडीवर चढायचं नाही. एसीचं काम शिडीशिवाय कसं होणार.

रजा टाकली. शीतल कॉलेजला गेली. मी केलेला डबा तिनं ओट्यावरच ठेवला. माझ्यासाठी केलेला भात मी सिंकमध्ये ओतला. 

गुरुवार, ११ जुलै

इमरानकडं गेले. त्याच्या अम्मीनं दार उघडलं, बसवलं, चहा दिला, पण नेहमीसारखं "बेटा, इतने दिन किधर थी" नाही.

तो उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "शीतल को बोल, टेन्शन नै लेने का. गलती मेरी. मी शिकवणारा, दोघांतलं अंतर मला कळायला पायजे." गोव्यात एवढी वर्षं एकाला खरचटूसुद्धा दिलं नाही म्हणे. "आता पाण्यावर कुणाला न्यायचं म्हटलं तर..." भिंतीकडं बघत राहिला.

मी विचारलं, तिनं तुला पाहिलं होतं का?

"पाहिलं ना. माझ्या डोळ्यांत बघत होती."

रविवार, १४ जुलै

शीतल गंगापूरला गेली. निघताना फक्त, "चार दिवस जाते." परत कधी, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पिशोरहून आईचा फोन. वर्षावास सुरू होतोय, विहारात ग्रंथवाचनाला ये म्हणाली. आवाजावरून तिला लगेच कळतं. "काय झालंय गं?" म्हटलं, काही नाय. "काही नाय म्हंजी लई काहीतरी हाय." रडू आलं. तरी सांगितलं नाही. एकदा सांगून काय झालं ते पाहिलंय.

वारा आजही होता. खिडक्या लावून बसले.

बुधवार, १७ जुलै

सांगितलं नसतं तर ती गेली तशी परत आलीच असती. वळून येतच होती. सांगितलं म्हणून तो गेला, तो गेला म्हणून धडकले. हे रोज डोक्यात. उलटंही येतं. तिला पाण्यात फिट आली असती तर जाकीट असून काय, तोंड पाण्यातच.

मी गप्प राहिले ते मार्चपासून, आणि बोलले ते नको त्या वेळी. असंच ना?

शनिवार, २० जुलै

दुपारी बेल वाजली. शीतल. गंगापूरची भेंडी, शेवग्याच्या शेंगा, सगळं ओट्यावर मांडलं. मी भाजी निवडायला बसले, ती समोर बसली.

"घरी सांगितलं," म्हणाली.

"मग?"

"आई रडली. दादा ओरडला. मग डॉक्टरकडं घेऊन गेला. गोळी बदलून दिलीय, झोप कमी येते हिनं." शेंगा सोलत राहिली. "नोकरी सोड म्हणत होते. सोडणार नाही म्हटलं. बघू."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं. "राग आहे मला. अजून आहे. पण ते नंतर."

आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "मी परत फिरले ते आठवतंय. पाण्यावर ऊन चमकत होतं ते आठवतंय. मग एकदम इमरान पाण्यात, आणि माझा बोर्ड त्याच्या अंगावर. मधलं काही नाही."

"त्यानं हाक मारली होती."

"मला नाही ऐकू आली."

"तो म्हणतो, तू त्याच्याकडं बघत होतीस."

"बघत असेन. मी नव्हते तिथं."

माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली. डॉक्टरांना तिनं हे सांगितलंय. ते म्हणाले, असू शकतं, नसूही शकतं, आता कळायला मार्ग नाही. फिट दर वेळी पाडतेच असं नाही, काही सेकंद माणूस नुसतं हरवतं.

"तो स्वतःला दोष देतोय ना?" तिनं विचारलं.

"हो. पाण्यावर परत जाणार नाही बहुतेक."

तिनं सोललेल्या शेंगांचं ताट बाजूला सारलं. उठली, खिडकीशी गेली. खाली रिक्षावाले भांडत होते, ते बघत उभी राहिली.

"उद्या त्याच्याकडं जाते. तू पण चल."

"सांगणार आहेस?"

"माहीत नाही. त्याची अम्मी असेल. तो पुन्हा माझ्याबरोबर पाण्यावर... माहीत नाही, सुजाता."

जाईन मी. शेजारी बसेन. ती बोलली तर बोलली. नाही बोलली, तर तो तिथं खांदा बांधून "गलती मेरी" म्हणत बसलेला असेल, आणि मला हे माहीत असेल.

तेव्हा काय करायचं, ते अजून ठरत नाही.